औषध कधी बदलायचे, ते आधी ठरवा

मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री, नवी दिल्ली



साहेब,

भामरागडच्या एखाद्या टोल्यावर तापाने फणफणलेल्या पोराला कोणत्या रंगाचे पाकीट द्यायचे, हे आशाताई ठरवत नाही. तालुका आरोग्य अधिकारी ठरवत नाहीत, गडचिरोलीचे जिल्हा हिवताप अधिकारी ठरवत नाहीत, पुण्यात बसणारे हिवतापाचे सहसंचालकही ठरवत नाहीत. ते ठरते दिल्लीत, श्यामनाथ मार्गावरच्या राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्रात. हे केंद्र आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि आपण बुलढाण्याचे. म्हणून हे पत्र आपल्याला, मराठीत आणि जाहीर.

आधी जमेची बाजू. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि ८ लाख दगावत, असे सरकारचेच आकडे सांगतात. २०१५ मध्ये नोंदलेले रुग्ण ११ लाख ६९ हजार होते, २०२३ मध्ये २ लाख २७ हजार. मृत्यू ३८४ वरून ८३ वर आले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला मलेरियाचे सर्वाधिक ओझे वाहणाऱ्या देशांच्या गटातून बाहेर काढले. मच्छरदाण्या, फवारणी, आरडीके म्हणजे झटपट निदानाचे किट आणि आशाताईंची पायपीट, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. गोळ्यांचाही आहे, आणि तो कमी नाही. २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करायचा, असे आपण जाहीर केले आहे.

रुग्ण कमी झाले की औषधाबद्दलचे प्रश्न काही कमी होत नाहीत. कमी होतात ते उत्तर शोधायला लागणारे रुग्ण. माझी विनंती त्यातूनच निघाली आहे. औषध किती निकामी झाले म्हणजे बदलायचे, ते कोण मोजणार, निर्णय कोण घेणार आणि किती महिन्यांत, हे धोरणातच लिहून ठेवा आणि जाहीर करा. वेळ आल्यावर समिती नेमू, हे उत्तर या देशाने एकदा देऊन पाहिले आहे.

ती गोष्ट क्लोरोक्विनची. आसामातल्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दिफूला १९७३ मध्ये पहिल्यांदा लक्षात आले, की क्लोरोक्विनचा पूर्ण डोस घेऊनही फॅल्सिपेरमचे, म्हणजे आपल्या आरोग्य सेवकांच्या भाषेत ‘पीएफ’चे, परजीवी रक्तातून जात नाहीत. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. मलेरियासाठी पहिले राष्ट्रीय औषध धोरण यायला १९८२ उजाडले. आणि क्लोरोक्विन पीएफच्या उपचारातून संपूर्ण देशात काढले गेले २०१० मध्ये. दिफूपासून मोजले तर ३७ वर्षे.

या ३७ वर्षांत कोणी झोपले होते असे मी म्हणत नाही. अभ्यास होत होते. जिथे औषध चालत नाही असे सिद्ध होई, तिथे आणि आसपासच्या ब्लॉकमध्ये सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, म्हणजे एसपी, दिले जाई. नंतर २००५ च्या सुमारास आर्टिसुनेट आणि एसपी एकत्र द्यायला सुरुवात झाली. पण अख्खी पद्धत ब्लॉकनिहाय होती. सिद्ध झालेल्या ब्लॉकमध्ये नवे औषध आणि जिथे कोणी अभ्यासच केला नाही तिथे जुने. अभ्यास व्हायचे ते पथक पोहोचू शकेल अशा जागी. भामरागड, एटापल्ली, कोरची असे तालुके या हिशेबात कुठे बसत असतील, याची कल्पना विदर्भातल्या माणसाला वेगळी द्यायला नको. शिवाय ‘निकामी’ची व्याख्याच ढिली होती. एके काळी १०० पैकी २५ रुग्णांत औषध फसले तरच ते बदलावे असा दंडक होता. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती मर्यादा १० वर आणली आणि नवे औषध निवडताना ते ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांना बरे करणारे असावे अशी अट घातली.

आफ्रिकेत मलावी या छोट्या, गरीब देशाने १९९३ मध्येच क्लोरोक्विन सोडून एसपी घेतले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असे करणारा तो पहिला देश. निम्म्याहून अधिक मुलांत क्लोरोक्विन फसत होते आणि मलावीने वाट पाहिली नाही. केनियाने हा बदल १९९८ मध्ये केला, टांझानियाने २००१ मध्ये. मलावीच्या गोष्टीचा उत्तरार्ध तर आणखी रंजक आहे. औषध बंद झाल्यावर त्याला दाद न देणारे परजीवी हळूहळू मागे पडले. २००५ मध्ये ब्लँटायर शहरात मुलांवर पुन्हा चाचणी झाली तेव्हा क्लोरोक्विन ९९ टक्के मुलांत यशस्वी ठरले आणि मधल्या काळात देशभर वापरले गेलेले एसपी फक्त २१ टक्क्यांत. म्हणजे मलावीने पहिला निर्णय वेळेवर घेतला आणि दुसरा लांबवला. एसपी बदलून आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन, म्हणजे एएल, आणायला त्या देशाला २००७ पर्यंत थांबावे लागले. एकदा शहाणपणा केला म्हणून पुढचा निर्णय आपोआप शहाणा होत नाही.

उशिराचे खापर नेहमी त्या त्या देशावरच फोडावे असेही नाही. पैसा कोणत्या गोळीला मिळतो, यावरही बरेच ठरते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अमीर अत्तारान आणि सहकाऱ्यांनी जाहीर आरोप केला, की निकामी ठरलेल्या क्लोरोक्विन आणि एसपीच्या खरेदीला ग्लोबल फंड पैसे देतो आहे आणि जागतिक आरोग्य संघटना ते चालवून घेते आहे. बराच गदारोळ झाला. पण त्याच वर्षी ग्लोबल फंडाने देशांना संयुक्त औषधांकडे वळायला सांगितले. जाहीरपणे विचारलेल्या प्रश्नाचा असा उपयोग होतो, म्हणून मीही हे पत्र आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात टाकण्याऐवजी छापायला दिले आहे.

आता आजच्या औषधाकडे येतो. एसीटी नावाच्या उपचारात दोन औषधे असतात. एक आर्टेमिसिनिनच्या कुळातले. चीनच्या तू यूयू यांना ज्यासाठी २०१५ मध्ये नोबेल मिळाले ते. हे परजीवींचा झपाट्याने फडशा पाडते, पण शरीरात काही तासच टिकते. उरलेसुरले परजीवी मारायला सोबत दुसरे, शरीरात अनेक दिवस राहणारे औषध लागते. जोडीदार निकामी झाला तर पहिले औषध एकटे पडते, आणि एकट्या औषधाला परजीवी लवकर शिकतात. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर भारताने २००९ मध्ये बंदी घातली ती याच कारणाने. पण बंदी घालून बाजारातली गोळी थांबते. सरकारी पाकिटातला जोडीदार आतून निकामी झाला असेल, तर आपण तीच एकटी गोळी सरकारी खर्चाने वाटत असतो.

आपला जोडीदार म्हणजे एसपी. ब्लँटायरमध्ये २१ टक्क्यांवर आलेले तेच. आपल्याकडे त्याची अवस्था तशी नाही, पण धोक्याची घंटा वाजून गेली आहे. ईशान्येकडच्या राज्यांत आर्टिसुनेट-एसपी १० टक्क्यांची मर्यादा ओलांडून फसू लागले आणि २०१३ च्या धोरणाने तिथे एएल आणले. उरलेल्या देशासाठी आर्टिसुनेट-एसपीच राहिले. त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर तो निर्णय योग्यच होता. मला खुपते ते एवढेच, की तो पुरावा ईशान्येत गोळा झाला म्हणून ईशान्येचे धोरण बदलले. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात तसाच पुरावा वेळेवर गोळा होईल याची हमी काय?

पुरावा कसा गोळा होतो ते थोडे जवळून सांगतो. तापाचा रुग्ण येतो, रक्तात फक्त पीएफ सापडतो. गोळ्या कर्मचाऱ्यासमोर दिल्या जातात आणि अर्धा तास थांबवून घेतात. उलटी झाली तर पुन्हा डोस. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बोट टोचून काचपट्टी. तिसऱ्या दिवशीही १०० पैकी १० किंवा अधिक रुग्णांत परजीवी दिसत असतील, तर आर्टेमिसिनिनबद्दलच शंका घ्यायची. पुढे कधी परजीवी पुन्हा दिसले तर प्रश्न येतो, की हे जुनेच उरले होते की मधल्या काळात नवा डास चावला? म्हणून पहिल्या दिवशी फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घ्यायचे, सावलीत वाळवायचे, सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या पिशवीत बंद करायचे. परजीवी परतले त्या दिवशी पुन्हा तसेच. दोन्ही ठिपके प्रयोगशाळेत पीसीआरने ताडून पाहतात. जुळले तर औषध फसले. नाही जुळले तर तो नवा संसर्ग.

यासाठी एका ठिकाणी निदान ५०, सहसा ७३ रुग्ण तरी लागतात. आणि ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत सापडावे लागतात! रोवणीच्या दिवसांत बाई चिखलात असते, पोर तिच्याबरोबर बांधावर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटत आला आहे. एकविसाव्या दिवशी गैरहजर राहिलेला रुग्ण हिशेबातून गळतो, आणि गळणारे बहुधा सगळ्यात आतल्या टोल्यावरचे असतात. म्हणजे औषध कुठे फसते आहे हे कळायला ज्यांची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच आकड्यात नसतात.

राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था २००९ पासून देशातल्या ठरावीक केंद्रांवर अशा चाचण्या पद्धतशीरपणे करत आली आहे आणि तिचे काम चांगले आहे. पण रुग्ण घटले की ७३ चा आकडा एका केंद्रावर भरत नाही. मग चाचणी पुढच्या वर्षावर जाते किंवा अर्धवट राहते, आणि धोरण मागच्या निकालावर चालत राहते. मलेरिया संपवायला निघालेल्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने यावर उपाय सांगितला आहे. रुग्ण थोडे असतील तर निवडक चाचणीऐवजी प्रत्येकच रुग्णाचा पाठपुरावा करा, प्रत्येकाच्या गोळ्या समोर द्या, प्रत्येकाची अठ्ठाविसाव्या दिवसाची काचपट्टी घ्या आणि हा सगळा हिशेब नेहमीच्या कामातच गुंफा. कोट्यवधी रुग्ण असताना हे स्वप्नरंजन होते. दोन लाखांवर आल्यावर ते शक्य आहे. गावपातळीवरच्या एम-१ नमुन्याचा भर मात्र अजून तपासणी आणि उपचार यांवर असतो. गोळ्या संपल्यावर त्या माणसाचे काय झाले, हे त्या कागदावरून धडपणे कळत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग सगळीकडेच एएल सुरू करून टाका, कटकट नको. माझी ती मागणी नाही, आणि का नाही ते सांगायला हवे. आर्टिसुनेट-एसपी दिवसातून एकदा, ३ दिवस. त्यातला एसपीचा सगळा डोस पहिल्याच दिवशी आशाताईच्या डोळ्यांदेखत पोटात जातो. एएलचे ६ डोस असतात आणि दुसरा डोस पहिल्यानंतर ८ तासांनी. आशाताईने संध्याकाळी पाचला पहिला दिला तर दुसरा रात्री एकला. ताप उतरलेल्या पोराला रात्री एकला उठवून गोळी कोण देणार? शिवाय ल्युमेफँट्रिन अंगी लागायला अन्नात स्निग्ध पदार्थ लागतो. कागदावर ‘दुधाबरोबर द्यावे’ लिहिणे सोपे आहे. ज्या घरात दुपारचे जेवण म्हणजे भाताची पेज, तिथे ते सोपे नाही. हवे तर एएल निवडावेही, पण मग आश्रमशाळेत, उपकेंद्रात, घरी ते ६ डोस कसे जातील याची तजवीज आधी करावी. उलट बाजूही आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत आपल्या धोरणात क्विनाइन होते: ७ दिवस, दिवसातून तीनदा, कडू जहर, कानात सतत गुणगुण. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही एएल देण्याची शिफारस केली. गरोदर बाईच्या बाजूने पाहिले तर एएलचे पारडे जड होते.

म्हणजे निवड ही केवळ टक्केवारीची नसते. कंबोडियाने आर्टिसुनेट-मेफ्लोक्विन सोडून डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपराक्विन घेतले, ते फसू लागल्यावर पुन्हा मेफ्लोक्विनकडे वळला. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात एसपी कोसळले आणि साथ भडकली, तेव्हा २००१ च्या सुरुवातीला त्यांनी एएल आणले आणि त्याच सुमारास डीडीटीची फवारणीही परत सुरू केली. रुग्णसंख्या धाडकन खाली आली. औषधाचे श्रेय किती आणि फवारणीचे किती यावर तज्ज्ञ वाद घालोत. निर्णय वेळेत झाला आणि दोन्ही हातांनी झाला, हे खरे.

आता ती रंगीत पाकिटे. आर्टिसुनेट-एसपीचे पाकीट वयानुसार असते: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळे, ५ ते ८ ला हिरवे, ९ ते १४ ला लाल, १५ च्या पुढे पांढरे. वाचता न येणाऱ्या घरातही चूक होऊ नये म्हणून केलेली ही योजना फार हुशारीची आहे. पण पिवळ्या पाकिटात रोज ५० मिलिग्रॅम आर्टिसुनेट असते. ते दीड वर्षाच्या, ७ किलोच्या कुपोषित मुलाला दिले तर किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम पडते. पावणेपाच वर्षांच्या, १६ किलोच्या मुलाला दिले तर जेमतेम ३. दोन्ही आकडे जागतिक संघटनेच्या २ ते १० च्या मर्यादेत बसतात, तेव्हा पाकीट चुकीचे आहे असे कोणी म्हणू नये. अडचण अशी, की दोघांपैकी कोणाला किती औषध मिळाले हे पुढे कोणालाच कळत नाही, कारण वजन नोंदलेलेच नसते. आणि गंमत पाहा, २०१३ च्या त्याच धोरणात ईशान्येच्या एएलची पाकिटे किलोवर बेतलेली आहेत: ५ ते १४ किलो पिवळे, १५ ते २४ हिरवे.

ही बारकाईची हौस नाही. ऑक्सफर्डला २००९ मध्ये सुरू झालेल्या मलेरिया-औषधरोधाच्या जागतिक जाळ्याने देशोदेशींच्या चाचण्यांतला एकेका रुग्णाचा तपशील, म्हणजे वय, वजन, डोस आणि निकाल, एकत्र केला. तेव्हा दिसले की डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपराक्विन जिथे फसत होते तिथे फसणारे बरेचसे लहान मुलेच होती, आणि त्यांना किलोमागे डोसच कमी पडत होता. कोणत्याही एका चाचणीतून हे कळले नव्हते. २०१५ मध्ये जागतिक संघटनेने २५ किलोखालच्या मुलांचा डोस वाढवला. त्याच पद्धतीने एएलच्या नोंदी तपासल्या तेव्हा आफ्रिकेतल्या तीन वर्षांखालच्या कुपोषित मुलांत बरे होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसले. गडचिरोलीत कुपोषण आणि पीएफ एकाच घरात राहतात. त्या मुलाचे वजन दरमहा अंगणवाडीत होते, पोषण ट्रॅकरमध्ये चढते. ते महिला व बालविकास खात्याकडे. ताप आरोग्य खात्याकडे. एम-१ वर वजनाचा एक रकाना आला, तर ताईला नवीन काटाही घ्यावा लागणार नाही.

मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल, व्हायव्हॅक्सबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण तिथे प्रश्न वेगळा आहे. मुंबईच्या, गोव्याच्या बांधकामांवर जो मलेरिया दिसतो तो मुख्यतः हा. क्लोरोक्विन अजून त्यावर चालते. मोठ्या माणसाला ४, ४ आणि २ गोळ्या. पण यकृतात दडून बसलेले परजीवी मारायला १४ दिवस प्रायमाक्विन लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरलेला, स्लॅबचे काम संपलेले, मुकादम दुसऱ्या साइटवर निघालेला. चौदावा दिवस कोण पाहतो? महिन्या-दोन महिन्यांनी ताप परत येतो आणि तो नवा रुग्ण म्हणून मोजला जातो. अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम इथल्या मोठ्या चाचणीत दुप्पट डोसाचे ७ दिवस १४ दिवसांइतकेच परिणामकारक ठरले, हे २०१९ मध्येच छापून आले. त्यासाठी आधी जी६पीडी तपासावे लागते. त्या विकराची कमतरता असेल तर प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात आणि लघवी चहासारखी गडद होते. आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते, म्हणून तिथे घाई नको. पण मुंबईच्या महापालिका दवाखान्यात जी६पीडी तपासून ७ दिवसांचा उपचार देता येतो का, हे ठरवायला आणखी किती वर्षे हवीत?

तर, साहेब, आपल्या हातात असलेल्या गोष्टी अवघड नाहीत. औषध धोरणात एक पान वाढवावे. कोणत्याही सलग जिल्ह्यांच्या पट्ट्यात पीसीआरने ताडलेले अपयश १० टक्क्यांवर गेले, की किती महिन्यांत त्या पट्ट्यात दुसरे औषध पोहोचेल, ते त्या पानावर लिहिलेले असावे. ५ टक्क्यांवर गेल्यावर काय करायचे, तेही. कारण खरेदी, निविदा, पाकिटांची छपाई, आशाताईंचे प्रशिक्षण यांना वेळ लागतो आणि गोदामातला जुना साठा संपवण्याचा मोह मोठा असतो. पट्टा मी मुद्दाम म्हणतो, ब्लॉक नाही. गडचिरोली आणि छत्तीसगडच्या बस्तरमधले कांकेर, नारायणपूर, बिजापूर हे मलेरियाच्या दृष्टीने एकच जंगल आहे. बाजार, सोयरीक, तेंदूपत्त्याची मजुरी, सगळे सीमेच्या दोन्ही बाजूंना. इकडे ५० रुग्ण भरत नसतील तर दोन्हीकडचे मिळून भरतील. पण त्यासाठी मुंबईने रायपूरला पत्र लिहून थांबण्यापेक्षा दिल्लीने दोघांना एका आदेशात बांधावे.

प्रत्येक पीएफ रुग्णाचा तिसरा आणि अठ्ठाविसावा दिवस नोंदवावा, आणि तो नोंदवणाऱ्या आशाताईला त्याचा वेगळा मोबदला मिळावा. आजवर तपासणीचे आणि उपचाराचे पैसे ठरले. चार आठवड्यांनी त्याच टोल्यावर पुन्हा चालत जाण्याचेही ठरवा. आरडीकेबाबतही थोडे सावध राहावे लागेल. एचआरपी-२ हे प्रथिन बनवणारे जनुकच गमावलेले परजीवी मध्य आणि पूर्व भारतात सापडले आहेत, आणि त्याच प्रथिनावर बेतलेल्या रेघेला ते दिसत नाहीत. इरिट्रियाला याच कारणाने २०१६ मध्ये किट बदलावे लागले होते. काचपट्टी मोडीत काढू नये, एवढेच.

आणि हे सगळे निकाल वर्षातून एकदा जिल्ह्यांच्या नावांसह, राज्यभाषांत जाहीर व्हावेत. शास्त्रीय नियतकालिकात ते दोन-तीन वर्षांनी, इंग्रजीत छापून येतात. तोपर्यंत दोन पावसाळे गेलेले असतात. गडचिरोलीच्या जिल्हा परिषद सदस्याला, अहेरीच्या खासगी डॉक्टरला, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाला आपल्या भागात गोळी किती चालते हे विचारता आले पाहिजे आणि उत्तर मिळाले पाहिजे. आकडा वाईट असला तरी. रुवांडा आणि युगांडाने आपल्याकडच्या परजीवींत केल्च-१३ जनुकाचे आर्टेमिसिनिनला पुरून उरणारे बदल सापडल्याचे २०२० आणि २०२१ मध्ये जगासमोर मांडले. त्यांची अब्रू गेली नाही. शेजारच्या देशांना तयारीला वेळ मिळाला.

पुढच्या पावसाळ्यात रोवणी सुरू होईल. त्याआधी हे एक पान आणि एम-१ मधले दोन रकाने, वजन आणि अठ्ठाविसावा दिवस, यांचे परिपत्रक निघाले, तर त्याच हंगामातले रुग्ण त्यात येतील. गडचिरोली आणि बस्तरचा पहिला एकत्रित अहवाल कोणत्या महिन्यात निघेल, एवढे आपल्या कार्यालयाने कळवले तरी या पत्राचे उत्तर मिळाले असे समजेन.

कळावे,
आपला विश्वासू